परत आलेल्या ताटापासून सुरुवात : वृद्धाश्रमातील आहार कसा सुधारावा

वृद्धाश्रमातील आहार सुधारायचे ठरले की बहुतेक ठिकाणी आधी भिंतीवरचा मेनूचा तक्ता बदलला जातो. आहार सल्लागार म्हणून पुण्यातील वृद्धाश्रमांत जाताना मी मात्र पहिला आठवडा फक्त परत आलेली ताटे पाहण्यात घालवते. ताटे घासायला जाण्यापूर्वी प्रत्येकाच्या नावापुढे किती खाल्ले आणि काय टाकले याची नोंद करावी. त्यासाठी एक वही आणि भांडी उचलणाऱ्या मावशींची पाच मिनिटे पुरतात. एका आजींच्या ताटात पोळीचा मधला मऊ भाग तेवढा गेलेला असे आणि कडा तशाच उरत. त्यांना पोळी आवडत नाही, असे स्वयंपाकघरात सगळ्यांनी धरून ठेवले होते. तोंड उघडून पाहिले तेव्हा कवळी सैल झालेली आणि खालच्या हिरडीवर जखम दिसली. कवळी दुरुस्त होईपर्यंत त्यांना दुधात कुस्करलेली पोळी आणि मेतकूट-तूप घातलेला गुरगुट्या भात दिला, आणि ताट रिकामे होऊ लागले.

ताटांच्या नोंदीला वजनाची जोड हवी. दर महिन्याला त्याच काट्यावर, शक्यतो सकाळी नाश्त्यापूर्वी वजन करावे. प्रयत्न न करता सहा महिन्यांत 5 टक्क्यांहून अधिक वजन उतरले, म्हणजे 50 किलोच्या आजी 47.5 किलोच्या खाली गेल्या, तर वयामुळे होतेच असे म्हणून ते सोडून देऊ नये, डॉक्टरांना कळवावे. पायांवर सूज असेल तर काटा फसवतो, हेही ध्यानात ठेवावे. ज्यांना काट्यावर उभे राहता येत नाही त्यांच्या पोटरीचा घेर शिंप्याच्या टेपने मोजावा. तो 31 सेंटिमीटरपेक्षा कमी भरल्यास स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. ‘मिनी न्यूट्रिशनल असेसमेंट’ ही सहा प्रश्नांची छोटी चाचणी प्रशिक्षित परिचारिकेला सहज घेता येते. तिच्यात 14 पैकी 8 ते 11 गुण म्हणजे कुपोषणाचा धोका आणि 7 किंवा त्याहून कमी म्हणजे कुपोषण.

आपल्याकडच्या ताटात सर्वांत मोठी उणीव प्रथिनांची असते. वृद्धांना दर किलो वजनामागे दिवसाला 1 ते 1.2 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे वृद्धांच्या आहाराचे तज्ज्ञ सांगतात. म्हणजे 50 किलोच्या व्यक्तीला 50 ते 60 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचे प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. सकाळी चहा-बिस्किट आणि पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी आणि पळीतून धार लागेल इतके पातळ वरण, रात्री खिचडी, या आहारात तेवढी प्रथिने भरत नाहीत. ज्यांची भूक मंदावली आहे त्यांना जास्त वाढून उपयोग नसतो, म्हणून तेच घास सकस करावे लागतात. वरण घट्ट ठेवावे, खिचडीत डाळीचे प्रमाण वाढवावे, कणकेत थोडे सोयाबीनचे पीठ मिसळावे, भाजीला शेंगदाण्याचे कूट लावावे, खिरीत आणि नाचणीच्या सत्त्वात दूध पावडर घालावी. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम आणि पेलाभर दुधातून साधारण तेवढीच प्रथिने मिळतात. नाश्त्याला पोहे असतील तर सोबत वाटीभर दही द्यावे, आणि आठवड्यातून दोन-तीनदा मुगाचे धिरडे करावे. चमचाभर साजूक तुपातून सुमारे 45 कॅलरी मिळतात, त्यामुळे वाळत चाललेल्या व्यक्तीच्या भातावर ते हात आखडता न घेता वाढावे.

वेळापत्रकही तपासावे. संध्याकाळी सातला जेवण आणि सकाळी साडेआठला नाश्ता, म्हणजे साडेतेरा तास पोटात काही नाही. झोपण्यापूर्वी कपभर दूध दिले तर हे अंतर सहज कमी होते.

पथ्याविषयी थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. दहा वर्षांपूर्वी सांगितलेले बिनतेलाचे, बिनमिठाचे, बिनसाखरेचे पथ्य 85 वर्षांच्या, अंगावर मांस न उरलेल्या माणसाला तसेच चालू असते, आणि बेचव ताट पाहून तो जेवण सोडतो. प्रत्येकाचे पथ्य डॉक्टरांकडून वर्षातून एकदा तरी नव्याने तपासून घ्यावे. स्वतःहून मात्र काहीही बंद किंवा सुरू करू नये. शाकाहारी वृद्धांच्या, विशेषतः बरीच वर्षे मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांच्या, बी-12 जीवनसत्त्वाची तपासणीही त्याच वेळी करावी.

भरवणे हे कौशल्याचे काम आहे आणि ते शिकवावे लागते. एका आश्रमात मदतनीस मावशी उभ्या राहून मोठ्या चमच्याने भरवत असत. आजोबा मान वर करून घास घेत आणि त्यांना सारखा ठसका लागे. मावशींना बसायला स्टूल आणि हातात चहाचा चमचा दिला, तेव्हा आजोबांची हनुवटी खाली आली आणि ठसकाही बराच कमी झाला. जेवताना पाठ सरळ असावी, पहिला घास गिळल्याची खात्री झाल्यावरच दुसरा द्यावा आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे करू नये. ठसका वारंवार लागत असेल, किंवा जेवणानंतर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर गिळण्याची तपासणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी, कारण अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, शिवाय रात्री उठावे लागेल या भीतीने अनेक जण पाणीच टाळतात. पाणी, ताक, सरबत, चहा, सार असे सर्व मिळून स्त्रियांना दिवसाला सुमारे 1.6 लिटर आणि पुरुषांना 2 लिटर द्रव मिळावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना मर्यादा घातली आहे, त्यांचे प्रमाण वेगळे. यातला मोठा भाग दुपारी चारपर्यंत, मावशींनी स्वतः पेला हातात देऊन संपवून घ्यावा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीकडे जातो, तेव्हा या फेऱ्या वाढवाव्यात.

एकादशी-चतुर्थीचा उपवास मोडायला लावू नये. साबुदाण्याच्या जोडीला शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची खीर, दही आणि दूध द्यावे; मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्यांनी आदल्या दिवशी डॉक्टरांना विचारून घ्यावे. रविवारी भेटीला येणारी मुले-सुना पेढे आणि फरसाण आणतात. त्यांना आधीच फोन करून घरचे मेतकूट, नाचणीचे सत्त्व किंवा आईच्या आवडीचे मऊ थालीपीठ आणायला सांगावे, आणि शक्य असल्यास जेवणाच्या वेळेत येऊन शेजारी बसून खायला सांगावे. त्या दिवशी ताटात किती उरले, तेही वहीत लिहावे.