पिस्तूल मॅचसाठी पहिला होल्स्टर आणि बेल्ट : कमी पैशात काय घ्यायचं, काय सोडायचं

अमेरिकेत राहणारं आपलं कुणी यूएसपीएसए, आयडीपीए नाहीतर स्टील चॅलेंज या पिस्तूल नेमबाजीच्या स्पर्धांच्या मॅचला जायचं म्हणालं की प्रश्न ठरलेलाच असतो, पिस्तूल आहे पण होल्स्टर बिल्स्टर (पिस्तूल कमरेला अडकवायचं कव्हर) काय घेऊ आणि किती पैसे जातील. माझं उत्तर असं की कडक बेल्ट आणि तुमच्याच मॉडेलचा कायडेक्सचा (कडक प्लॅस्टिकचा) होल्स्टर या दोन गोष्टींवर पैसे घाला, बाकी सगळं पहिले काही महिने उधार, जुनं किंवा साधं चालतं.

खरेदीच्या आधी कागदपत्रं बघा, हे आपल्या लोकांना सांगावंच लागतं. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याप्रमाणे बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत, त्याला थोडे अपवाद आहेत, त्यातला नेहमी वापरला जाणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. राज्याचे कायदे वेगळे असतात ते वेगळे बघायचे, आणि शंका असेल तर वकिलाला विचारा, मित्राला नको, कारण इथे चूक झाली तर प्रकरण थेट इमिग्रेशनवर येतं.

आता होल्स्टरचं एवढं का. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की डोळ्यासमोर राही सरनोबत येते, त्या ऑलिंपिक प्रकारात होल्स्टरचा संबंधच नसतो, इथे मात्र बझर वाजला की कमरेचं भरलेलं पिस्तूल काढायचं, पळायचं, मॅगझिन (काडतुसांची पेटी) बदलायचं. भरलेलं पिस्तूल हातातून किंवा होल्स्टरमधून पडलं तर त्या दिवसाची मॅच तिथेच संपली, डिस्क्वालिफाय. म्हणून होल्स्टर घेताना तो सेफ्टीचं सामान म्हणून घ्यायचा, वेग नंतर सरावानं येतो.

होल्स्टर कसा हवा? बेल्टच्या बाहेरून लागणारा, ट्रिगर गार्ड (ट्रिगरभोवतीची कडी) पूर्ण झाकणारा, आणि पिस्तूल काढल्यावरही तोंड उघडंच राहणारा. दुकानात वीस-पंचवीस डॉलरला जो नायलॉनचा 'सगळ्या पिस्तुलांना बसतो' म्हणून मिळतो तो अजिबात नको, तो पिस्तूल काढल्यावर चपटा होतो, मग परत ठेवायला दुसऱ्या हातानं तोंड उघडायला जाता आणि तोच हात नळीसमोर येतो. जुना मऊ पडलेला चामड्याचा पण नको, त्याची कड दुमडून ट्रिगरपाशी शिरू शकते. ट्रिगरच्याच बोटानं बटण दाबून पिस्तूल सोडवायचे होल्स्टर असतात ते बऱ्याच ठिकाणी चालवून घेत नाहीत, कारण घाईत तेच बोट पुढे ट्रिगरवर जाऊ शकतं. शोल्डर होल्स्टर आणि मांडीला पट्ट्यानं बांधायचा प्रकार यूएसपीएसएमध्ये चालत नाही.

कायडेक्सचा बरा होल्स्टर साधारण ५० ते ९० डॉलरमध्ये मिळतो, ब्लेड-टेक, कॉम्प-टॅक, सफारीलँड ही नावं मॅचला गेलात की आजूबाजूच्या कमरांवर दिसतीलच. ऑर्डर करताना चार गोष्टी नीट बघा : नेमकं मॉडेल, उजवा की डावखुरा, स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागावर) रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, असेल (किंवा पुढे बसवायचा विचार असेल) तर त्यासाठी कट आहे का, आणि टॉर्चवाला (टॉर्च लावलेल्या पिस्तुलाचा) होल्स्टर चुकून घेत नाही ना, कारण तो पिस्तुलाला टॉर्चवर धरून ठेवतो, टॉर्च नसेल तर आतमध्ये पिस्तूल नुसतं हलत राहतं. पैसे वाचवायची एक युक्ती, ग्लॉकवाल्यांनी खालून उघडा असलेला ग्लॉक ३४ चा (लांब स्लाइडच्या मॉडेलचा) होल्स्टर घेतला तर त्यात १७ आणि १९ ही आखूड मॉडेलं पण बसतात, म्हणजे पुढे लांब स्लाइडचं घेतलंत तरी खर्च परत नाही. होल्स्टरला घट्टपणाचा स्क्रू असतो, पळताना पिस्तूल जागचं हलू नये पण ओढलं की एका झटक्यात यावं इतपत तो फिरवा आणि माउंटच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) लावा, नाहीतर ते हळूहळू सैल होतात आणि कळतं ते मॅचच्या मधे.

बेल्टकडे नवे लोक लक्षच देत नाहीत. साधा फॅशनचा बेल्ट असला की पिस्तूल ओढताना होल्स्टरही वर येतो, पिस्तूल दर वेळी वेगळ्या ठिकाणी सापडतं आणि सराव वाया जातो. दोन पदरी बेल्ट घ्या, आतला पॅंटच्या लूपमधून आणि बाहेरचा कडक दीड इंची त्यावर वेल्क्रोनं चिकटतो, डबल अल्फाचा वगैरे ७०-८० डॉलरच्या आसपास जातो, आणि तो पुढे पिस्तूल बदललं तरी राहतो, म्हणून मी तर म्हणेन होल्स्टरच्या आधी बेल्टचे पैसे बाजूला काढा.

मॅगझिन पाउच (बेल्टवर मॅगझिन ठेवायचे कप्पे) किती, हे डिव्हिजनवर, म्हणजे पिस्तुलाच्या प्रकारानुसार पाडलेल्या गटावर आहे. यूएसपीएसएची स्टेज (मॅचमधला एक टप्पा) जास्तीत जास्त ३२ राउंडची, म्हणजे ३२ काडतुसांची असते, त्यात नेम चुकलेले धरा, आणि तुमच्या मॅगझिनमध्ये किती बसतात त्यानं भागा. कॅरी ऑप्टिक्सला (रेड डॉटवाल्या पिस्तुलांची डिव्हिजन) मोठी मॅगझिन असतात त्यामुळे दोन-तीन पाउच पुरतात, १० राउंडचीच मॅगझिन मिळणाऱ्या राज्यात असाल तर चार लागतील. एक पाउच २५-३५ डॉलर. होल्स्टर, बेल्ट, पाउच सगळं मिळून १७० ते ३१० डॉलरमध्ये येतं, क्लबमध्ये कुणी डिव्हिजन बदलत असेल तर त्याच्याकडचं जुनं अजून स्वस्तात मिळतं, विचारायला लाजू नका, लोक खरंच मदत करतात. रेस होल्स्टर (वेगासाठीचा, पिस्तूल जेमतेम धरणारा उघडा होल्स्टर), मॅग्नेटवाले पाउच यातलं काहीच आता नको, रेस होल्स्टर प्रॉडक्शनसारख्या (साध्या पिस्तुलांच्या) डिव्हिजनमध्ये चालतही नाही. उरलेले पैसे काडतुसांना ठेवा, एका क्लब मॅचला दीडशेच्या आसपास काडतुसं लागतात.

अन् हेही जमत नसेल तर स्टील चॅलेंजला .२२ चं रिमफायर (छोट्या काडतुसाचं) पिस्तूल घेऊन जा, तिथे रिमफायरवाले लो रेडीतून (पिस्तूल आधीच हातात, नळी खाली) सुरू करतात, म्हणजे होल्स्टर लागतच नाही. चार-पाच मॅगझिन, चष्मा, कानांचं संरक्षण, झालं. माझ्या मते अगदी नवख्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

होल्स्टर आला की घरी पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, मग होल्स्टरमध्ये घालून बेडवर उलटा धरून हलवा, पडलं तर स्क्रू घट्ट करा. बेल्ट घालून जिना चढा, खाली बसा, उठा, पळून बघा. परत ठेवताना बोट ट्रिगरपासून लांब, नजर होल्स्टरवर आणि सावकाश, परत ठेवण्याच्या वेगाचे कुणी मार्क देत नाही.

मॅचच्या दिवशी पार्किंगमध्ये पिस्तूल कमरेला लावत बसू नका. ते रिकामं बॅगेत न्यायचं, सेफ्टी एरिया (रिकामं पिस्तूल हाताळायची ठरवलेली जागा) कुठे आहे ते विचारायचं, तिथेच होल्स्टरमध्ये ठेवायचं, आणि सेफ्टी एरियात काडतुसाला हात लावायचा नाही, खिशातलं डमी काडतूस पण नाही. त्यानंतर रेंज ऑफिसर (मॅचचा पंच) 'मेक रेडी' (तयार व्हा) म्हणेपर्यंत पिस्तुलाला हात नाही. तोवर रिकामं पिस्तूल खाली पडलंच तर उचलू नका, तिथेच उभं राहून रेंज ऑफिसरला बोलवा, तो उचलून देतो.