कमांड लाइनवरून वेब सर्व्हर टाकताय? या चुका टाळा

वेब सर्व्हर, म्हणजे ब्राउझरला पानं पुरवणारा प्रोग्राम, टाकायला दोन कमांड पुरतात. 'ॲप्ट अपडेट' म्हणून पॅकेजांची (इन्स्टॉल करायच्या प्रोग्रामांची) यादी ताजी करायची, मग पॅकेज मागायचं. मिनिटभरात टर्मिनल मोकळं होतं. आनंदाने ब्राउझरमध्ये पत्ता टाकावा, तर पान उघडत नाही. इथून पुढे बरेच जण जे करतात तीच सगळ्यात महागात पडणारी चूक: आहे तो सर्व्हर काढायचा आणि पुन्हा टाकायचा.

लिनक्सवर या उपायाने मूळ बिघाड तसाच राहतो आणि कधी कधी त्यात नव्याची भर पडते. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर 'ॲप्ट रिमूव्ह' प्रोग्राम काढतं, पण कॉन्फिग म्हणजे सेटिंगच्या फायली जागच्या जागी ठेवतं. म्हणजे ज्या ओळीने घोटाळा केला ती पुढच्या इन्स्टॉलची वाट बघत तिथंच बसलेली असते. मग वैतागून कोणी 'इटीसी' या सेटिंगच्या जागेतलं एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचं अख्खं फोल्डरच उडवतं आणि परत इन्स्टॉल करतं. आता तर सर्व्हर सुरूच होत नाही, कारण कॉन्फिग फायली परत आलेल्याच नसतात. पॅकेजं सांभाळणाऱ्या डीपीकेजीचा नियम असा की मालकाने कॉन्फिग फाइल स्वतः पुसली असेल तर त्याची मर्जी मानायची, ती परत आणायची नाही. कोरी पाटी हवी असेल तर 'रिमूव्ह' नव्हे, 'पर्ज' वापरा. त्यातही एक मेख आहे. या फायली 'एन्जिनएक्स-कॉमन' नावाच्या वेगळ्या पॅकेजच्या मालकीच्या असतात, त्यामुळे नुसतं 'एन्जिनएक्स' पर्ज करून भागत नाही.

सुरुवातीचे किरकोळ अडथळे

'पॅकेज सापडत नाही' असं उत्तर आलं तर आधी स्पेलिंग बघा. उच्चार एन्जिन-एक्स असला तरी टाइप करायची अक्षरं पाचच: एन, जी, आय, एन, एक्स. अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरचं पॅकेज डेबियन-उबुंटूवर 'अपाची२' असतं, तर रेड हॅटच्या कुळातल्या लिनक्सवर तेच 'एचटीटीपीडी' होतं. लॉक (एका वेळी एकच इन्स्टॉल चालू देणारं कुलूप) मिळत नाही अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा मागे आपोआप चालणारे सुरक्षा अपडेट सुरू असतात. थोडं थांबा. ती लॉक फाइल हाताने पुसण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण अपडेट अर्ध्यात असताना तो पाळला तर पॅकेजांचा हिशोबच विस्कटतो.

उघडत नाही, म्हणजे नेमकं काय होतं?

हा प्रश्न न विचारता केलेली प्रत्येक दुरुस्ती अंधारातली असते. कनेक्शन नाकारलं जाणं, वाट बघून वेळ संपणं आणि 403 (पान द्यायला सर्व्हरचा नकार) दिसणं हे तीन वेगवेगळे आजार आहेत. ते ओळखायला आधी सर्व्हरच्या आतूनच विचारा: 'कर्ल -आय लोकलहोस्ट'. कर्ल टर्मिनलवरून पान मागतं, लोकलहोस्ट म्हणजे हेच मशीन. आतून उत्तर आलं आणि बाहेरून नाही आलं, तर वेब सर्व्हर बहुधा निर्दोष आहे. अडथळा वाटेत आहे.

कनेक्शन लगेच नाकारलं गेलं तर बहुधा त्या पोर्टवर (कनेक्शन येतं त्या क्रमांकाच्या दारावर) ऐकायला कोणीच बसलेलं नाही. उबुंटूवर इन्स्टॉल होताच सर्व्हिस आपोआप सुरू होते, रेड हॅटच्या कुळात होत नाही, आणि एकीकडची सवय दुसरीकडे नेणारे इथे हमखास फसतात. तिथे 'सिस्टीमसीटीएल इनेबल --नाऊ' वापरा. नुसतं 'स्टार्ट' केलं तर आज चालेल, मशीन रीबूट झाल्यावर बंद दिसेल.

सर्व्हिस सुरूच होत नसेल तर 'सिस्टीमसीटीएल स्टेटस' आणि 'जर्नलसीटीएल -यू' यांचं म्हणणं वाचा. 'पत्ता आधीच वापरात' अशा अर्थाची 98 क्रमांकाची एरर दिसली तर पोर्ट 80 दुसऱ्या कोणीतरी धरून ठेवलंय. बहुधा तो गडी म्हणजे मागे कधीतरी टाकून विसरलेला अपाची. 'सुडो एसएस -टीएलएनपी' त्याचं नाव सांगतं. नाव कळण्याआधी 'किल' चालवू नका. मारलेली सर्व्हिस सिस्टीमडी, म्हणजे सर्व्हिसेस सांभाळणारा प्रोग्राम, पुन्हा उभी करू शकतो. नको असलेली सर्व्हिस 'डिसेबल --नाऊ' करणं हाच सरळ मार्ग.

ब्राउझर बराच वेळ फिरत राहून थकला तर फायरवॉलकडे, म्हणजे कनेक्शन अडवणाऱ्या पहाऱ्याकडे, बघा. क्लाउडवरच्या मशीनला फायरवॉल बहुधा दोन असतात, एक मशीनमधली आणि एक क्लाउड कंपनीच्या पॅनेलमधली. पोर्ट 80 (एचटीटीपी) आणि 443 (सुरक्षित एचटीटीपीएस) दोन्हीकडे उघडावे लागतात. रेड हॅटच्या कुळातल्या फायरवॉलडी या फायरवॉलमध्ये '--परमनंट' लिहून नियम दिला तर 'रीलोड' करेपर्यंत तो लागूच होत नाही, आणि न लिहिता दिला तर पुढच्या रीलोडला तो गायब होतो.

उबुंटूच्या यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगतो. 'यूएफडब्ल्यू इनेबल' टाकलं तेव्हा त्याने विचारलं होतं, एसएसएच (दुरून मशीनवर लॉगिन करायचं) कनेक्शन तुटू शकतं, पुढे जायचं का? मी सवयीने 'वाय' दाबलं. चालू सेशन टिकून राहिलं, म्हणून सगळं ठीक वाटलं. लॉगआउट केलं आणि परत आत जायची वाटच बंद, कारण एसएसएचला परवानगी दिलेलीच नव्हती. आधी 'यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच', मगच 'इनेबल'. त्यानंतरही जुनी खिडकी चालू ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा.

403 आणि 777 चा मोह

पान सापडतंय पण सर्व्हर नकार देतोय, म्हणून कोणीतरी सुचवतं की सगळ्यावर 777, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, मारा. असं केलं की मशीनवरचा कुठलाही युजर तुमच्या फायलींत लिहू शकतो. आणि गंमत म्हणजे त्यानंतरही 403 तसाच राहू शकतो! कारण सर्व्हरला फाइलपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर एक्झिक्यूटची परवानगी लागते. साइट तुमच्या होम फोल्डरमध्ये असेल, तर उबुंटू 21.04 पासून नवं होम फोल्डर 750 परवानगीने (मालक आणि त्याचा गट सोडून इतरांना मनाई) तयार होतं. दारच बंद असताना आतलं कपाट उघडं ठेवून उपयोग काय? 'नेमआय -एल' ला पूर्ण पाथ द्या, कुठल्या पायरीवर अडलंय ते एका नजरेत दिसतं. साइट 'व्हार'खालच्या 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'मध्ये ठेवणं, फोल्डरना 755 आणि फायलींना 644 देणं एवढ्याने बहुतेक साध्या साइट्स चालतात.

एरर लॉगमधली भाषाही नीट वाचा. '13: परमिशन डिनाइड' हे ऑपरेटिंग सिस्टीमचं म्हणणं आहे. अपाचीच्या लॉगमध्ये सर्व्हर कॉन्फिगरेशनने क्लायंटला नाकारलं असं लिहिलं असेल, तर परवानग्यांशी खेळून काही होणार नाही. तिथे त्या फोल्डरसाठी 'रिक्वायर ऑल ग्रांटेड' हवं. जुन्या 2.2 च्या जमान्यातले 'ऑर्डर', 'अलाऊ' हे शब्द अजून कुठून कुठून कॉपी होऊन येतात. 2.4 मध्ये ते वापरू नका.

परवानग्या बरोबर, कॉन्फिग बरोबर, तरी नकार, आणि मशीन रेड हॅटच्या कुळातलं? मग एसईलिनक्स, म्हणजे फाइलवरच्या लेबलावरून परवानगी ठरवणारा वेगळा पहारा. होममधून फाइल 'एमव्ही'ने हलवली की ती जुनं लेबल घेऊन येते. 'सीपी'ने कॉपी केली तर नव्या जागेचं लेबल मिळतं. इलाज 'रिस्टोअरकॉन -आर' एवढाच आहे. एसईलिनक्सच बंद करून टाकणं मला तरी आळस वाटतो.

कॉन्फिग बदलल्यावर

एक अर्धविराम सुटला की एन्जिनएक्स अडतं. म्हणून 'एन्जिनएक्स -टी' आधी, 'रीलोड' नंतर. 'रीलोड'मध्ये नवी कॉन्फिग चुकीची निघाली तर जुनी प्रक्रिया काम चालू ठेवते. 'रीस्टार्ट'मध्ये मात्र चालू सर्व्हर आधी थांबतो, मग चूक सापडते, आणि साइट बंद पडते. अपाचीसाठी 'अपाचीसीटीएल कॉन्फिगटेस्ट' आहे. त्यात एएच00558 ही सर्व्हरच्या नावाबद्दलची कुरकुर दिसली तर घाबरू नका, तिने काही अडत नाही.

डेबियन-उबुंटूवर बदल दिसतच नसेल तर फाइल 'साइट्स-अव्हेलेबल'मध्येच पडून आहे का बघा. 'साइट्स-इनेबल्ड'मध्ये तिची लिंक लागते, आणि ती बनवताना पूर्ण पाथ द्या, नाहीतर लिंक हवेत लटकते.

एचटीटीपीएसकडे यानंतर वळा. एचटीटीपीएससाठी सर्टिफिकेट देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टची नेहमीची तपासणी पोर्ट 80 वरूनच होते, त्यामुळे 'आपल्याला तर फक्त 443 हवंय' म्हणून 80 बंद करणारे अडकतात. फसलेले प्रयत्न पुन्हा पुन्हा केले तर काही काळ दारच बंद होतं, म्हणून पहिली चाचणी सर्टिफिकेट मागणाऱ्या सर्टबॉट प्रोग्रामच्या '--ड्राय-रन'ने करा.

आणि सगळं दुरुस्त करूनही ब्राउझर जुन्याच पत्त्यावर उडी मारत असेल तर त्याने मागचा 301 (पत्ता कायमचा बदलल्याचा निरोप) लक्षात ठेवलाय. कर्लला विचारा. तिथे उत्तर बरोबर येत असेल तर सर्व्हरला हात लावू नका, ब्राउझरचा कॅशे साफ करा.