पल्प चेस्टमध्ये उतरण्यापूर्वी: शटडाऊनमधल्या सफाईची सुरक्षित पद्धत

रद्दीपासून क्राफ्ट कागद बनवणाऱ्या मिलमध्ये फिरत्या रोलांची जितकी धास्ती घेतली जाते, तितकीच थांबलेल्या पल्प चेस्टचीही, म्हणजे कागदाचा लगदा (पल्प) साठवणाऱ्या मोठ्या टाकीचीही, घ्यायला हवी. मशीन चार-पाच दिवस बंद असते, तळाशी दीड-दोन फूट पल्प उरलेला असतो. सफाईला उतरलेला माणूस तिथल्या विषारी वायूने दोन-चार श्वासांत कोसळतो, आणि त्याला उचलायला दुसरा, मग तिसरा उडी घेतो. एका चेस्टमधून दोन-तीन मृतदेह निघतात ते असे. हा धोका तयार होतो मिल बंद करताना, म्हणून पद्धतीची सुरुवातही तिथूनच करायची.

वायू येतो कुठून

रद्दी खोक्यांमधला स्टार्च पाण्यात उतरतो, आणि तेच बॅकवॉटर (कागदातून निथळलेले पाणी) पुन्हा पुन्हा फिरवल्याने साठत जातो. कागद बनवताना घातलेल्या तुरटीतून सल्फेट मिळते. पाणी कोमट असतेच. मशीन चालू असेपर्यंत ॲजिटेटर (पल्प ढवळणारा पंखा) आणि शॉवरमुळे पाण्यात हवा मिसळत राहते. थांबले की त्यातला प्राणवायू संपतो आणि सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवू लागतात. हा वायू हवेपेक्षा सुमारे १.२ पट जड, त्यामुळे तळाशी बसतो.

सडक्या अंड्यांसारखा त्याचा वास १ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) खालीही जाणवतो, पण १०० पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाक बधिर होते. वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, हा समज जीवघेणा आहे. ७०० ते १००० पीपीएमला माणूस एक-दोन श्वासांत शुद्ध हरपतो.

सगळ्यात फसवी गोष्ट पुढे आहे. पुष्कळ वायू पल्पमध्ये विरघळून, अडकून राहिलेला असतो. वरून मीटर सोडला तर आकडा चांगला दिसतो. मग माणूस उतरून फावडे मारतो किंवा होजचा फवारा गाळावर सोडतो, आणि अडकलेला वायू एकदम सुटतो. पीएच ७ च्या खाली असेल तर तो आणखी सहज सुटतो. म्हणून चेस्टमधले थर काढायला कोणतेही आम्ल ओतू नका.

मिल थांबवताना

नियोजित शटडाऊन असेल तर पल्परची (रद्दी पाण्यात घुसळून पल्प करणाऱ्या यंत्राची) भरणी आधीच थांबवा आणि चेस्टमधला पल्प मशीनवर संपवून घ्या. पातळी खाली गेली की ॲजिटेटर बंद करावा लागतो, आणि तळाचा पल्प तसाच राहतो. त्यात ताजे पाणी सोडून पातळ करा, पंपाने बाहेर काढा, आणि त्याच दिवशी बाहेर उभे राहून होजने धुऊन घ्या. एवढे झाले तर पुढचे निम्मे संकट टळते. वीज गेल्याने किंवा बिघाडाने मिल अचानक थांबली आणि चेस्ट भरलेली राहिली, तर मॅनहोलवर 'आत उतरू नये' असा फलक त्याच पाळीत लावा.

उतरण्याआधी

पल्प, बॅकवॉटर आणि वाफेच्या लाइन चेस्टपासून अलग करा. केवळ व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही, कारण पल्पचे धागे सीटमध्ये अडकले की व्हॉल्व्ह गळतो. फ्लँजमध्ये (पाइपच्या जोडात) ब्लाइंड प्लेट, म्हणजे बिनभोकाची चकती, घाला किंवा पाइपचा तुकडाच काढून ठेवा. ॲजिटेटर आणि पंपाचे ब्रेकर एमसीसीवर (मोटरींच्या मुख्य विद्युत पॅनेलवर) बंद करून कुलूप लावा. आत जाणाऱ्या प्रत्येकाचे स्वतःचे कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. नंतर स्टार्ट बटण दाबून मोटर फिरत नाही याची खात्री करा.

आता ब्लोअर. त्याची डक्ट तळाच्या फूटभर वरपर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर वरचीच हवा फिरत राहते. चेस्ट ८० घनमीटरची आणि ब्लोअर मिनिटाला २० घनमीटरचा असेल, तर एकदा हवा बदलायला चार मिनिटे लागतात. किमान आठ वेळा बदलायची, म्हणजे ३२ मिनिटे. डक्टला वळणे असतील तर याहून जास्त. काम संपेपर्यंत ब्लोअर चालूच ठेवा. अर्ध्या इंची कॉम्प्रेस्ड एअरची नळी सोडून हे काम होत नाही. ऑक्सिजनचा सिलिंडर तर कधीही सोडू नका, कारण त्याने ठिणगीसरशी आग भडकते. ब्लोअर हवा ओढतो ती जागा गाडीच्या धुरापासून लांब असावी, आणि मॅनहोलमधून बाहेर पडणाऱ्या हवेसमोर कोणी बसू नये.

तपासणीसाठी चार वायूंचा मीटर पंप आणि नळीसह वापरा. आधी चाचणी वायू देऊन तो प्रतिसाद देतो का ते बघा. वर, मध्ये आणि तळाशी, प्रत्येक ठिकाणी नळी दोन-तीन मिनिटे धरा. प्राणवायू १९.५ टक्क्यांहून कमी नको (मोकळ्या हवेत तो २०.९ असतो), ज्वालाग्राही वायू स्फोटमर्यादेच्या १० टक्क्यांखाली हवा, आणि हायड्रोजन सल्फाइड शून्य. कारखाने अधिनियमात आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १० पीपीएम होती, तरी बंदिस्त चेस्टसाठी शून्याचाच आग्रह धरा. मग बाहेरूनच लांब बांबूने किंवा होजने गाळ ढवळा आणि पुन्हा मोजा. हा दुसरा आकडाच खरा.

आत उतरण्याचा परवाना त्यानंतर लिहायचा. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये सक्षम व्यक्तीने स्वतः केलेल्या चाचणीवर लेखी दाखला, किंवा श्वसनयंत्र आणि दोर बांधलेला पट्टा, अशी अट होती. आमचा सल्ला, पट्टा आणि दोर दोन्ही परिस्थितींत बांधाच. दिवा २४ व्होल्टचाच. आतल्याच्या अंगावर चालू मीटर हवा. काम अर्धा तास थांबले तर पुन्हा तपासणी.

बाहेर उभा असणारा

त्याचे काम फक्त पाहणे, बोलत राहणे आणि दोर धरणे. दुसरे कोणतेही काम त्याला देऊ नये. ठेकेदाराचा नवीन माणूस तर इथे मुळीच नको. आतला गप्प झाला तर त्याने आत जायचे नाही. दोर ओढायचा, आरोळी द्यायची, १०८ ला फोन करायचा. वरून उतरायचे मॅनहोल असेल तर तिपाई आणि विंच आधीच उभी असावी. मॅनहोल बाजूला असेल तर दोराने ओढून बाहेर काढायची तालीम शटडाऊनआधी करून बघा. आत जावेच लागले तर फक्त स्वतःचा सिलिंडर असलेले श्वसनयंत्र लावून, आणि ते मॅनहोलमधून पाठीवर घेऊन जाता येते का हे आधी तपासलेले असेल तरच. ओला रुमाल किंवा धुळीचा मास्क यांचा काहीही उपयोग नाही.

काऊच पिट (मशीनखालचा ओल्या कागदाचा खड्डा), सेव्ह-ऑलची (बॅकवॉटरमधले धागे परत मिळवणाऱ्या यंत्राची) टाकी, ईटीपीचा (सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा) संप आणि गाळाचा हौद यांनाही हीच पद्धत लावा.

काम संपल्यावर माणसे परवान्यावरील नावांनुसार मोजा, अवजारे मोजा, मग मॅनहोल बंद करा. ब्लाइंड प्लेटा काढल्याची नोंद करा. कुलूप ज्याने लावले त्यानेच काढायचे. तो पाळी संपवून घरी गेला असेल तर त्याला फोन करून विचारल्याशिवाय कुलपाला हात लावू नका.