शेती सल्लागार व्हायचंय? आधी बोंड फोडायला शिका

कृषी पदवी घेऊन शेती-तंत्रज्ञानाच्या कंपनीत लागलेली पोरं नागपुरात हल्ली बरीच दिसतात. हातात टॅब, त्यात उपग्रहाचे नकाशे. मीही याच धंद्यात आहे, म्हणून नव्यांसाठी थोडं.

सावनेर-काटोलकडचा शेतकरी तुम्हाला नकाशा मागत नाही. तो विचारतो, "साहेब, फवारा मारू का नको, तेवढं सांगा." याचं उत्तर देता आलं तरच तुम्ही सल्लागार.

पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, गुलाबी बोंडअळी घ्या. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री रोज आठ किंवा जास्त पतंग अडकले, की धोक्याची पातळी ओलांडली. मोजणी आता मोबाइलवर येते, पण तेवढ्यावर थांबू नका. अळी लहान असतानाच बोंडात शिरते आणि तिचं छिद्र बुजून जातं. वरून बोंड ठणठणीत दिसतं. म्हणून एकरभरातून वेगवेगळ्या झाडांची वीस हिरवी बोंडं तोडा आणि शेतकऱ्यासमोर फोडा. दोन किडकी निघाली म्हणजे दहा टक्के, फवारणीची वेळ झाली. एकही निघालं नाही, तर पंप घरीच राहू द्या आणि नजर ठेवा. 'मारू नका' हा सल्ला फुकटात त्याचे पैसे वाचवतो; कृषी केंद्रवाला तो सहसा देत नाही.

फवारणी सांगाल तेव्हा हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशाही सांगा. यवतमाळात 2017 साली फवारणीतल्या विषबाधेने माणसं गेली, हे विदर्भात कुणी विसरलेलं नाही.

यंत्रं खोटं बोलत नाहीत, पण अर्धवट बोलतात. संत्र्याच्या बागेत ओळींमध्ये गवत माजलं, की उपग्रहाला बाग हिरवीगार दिसते, मग झाडं डिंक्या रोगाने वाळत का असेनात. सेंटिनेल-2 उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका दहा मीटरचा, त्यात झाड आणि गवत दोन्ही येतं. पावसाळ्यात तर ढगच दिसतात. ओलाव्याच्या सेन्सरचंही तसंच. संत्र्याच्या आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी, पाणी तोडलं की काळी जमीन भेगाळते, सेन्सरचा मातीशी संपर्क सुटतो आणि आकडा भरकटतो. एक फूट खोल माती काढून मुठीत दाबून बघा, मगच सांगा.

शिकायला नागपुरासारखी जागा नाही. वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची आणि मृदा सर्वेक्षणाची संस्था. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो वाचल्याशिवाय गावाकडे निघू नका. ड्रोनचं वेड असेल तर परवाना घ्या. दहावी पास आणि अठरा वर्षं पूर्ण असली की प्रशिक्षण घेता येतं. पण नुसता ड्रोन उडवणाऱ्याला कामं हंगामापुरतीच मिळतात. मुलाखतीत मी उमेदवाराला सॉफ्टवेअर विचारत नाही, कोळशी (काळी बुरशी) लागलेलं संत्र्याचं पान पुढे ठेवतो.