तळघरातली ओल काढून राहण्यासारखी खोली कशी करायची

आधीच सांगते, डब्यावर वॉटरप्रूफ लिहिलंय म्हणून पेंट आणून डायरेक्ट भिंतीला फासू नका. मी फासला होता. तीन महिने भिंत एकदम चकाचक, मग फुगे यायला लागले आणि फुगा फोडला की आत पाणी न् पांढरा खार. बाहेरच्या मातीतलं पाणी मागून ढकलतंय म्हटल्यावर पेंट किती दिवस धरून बसणार?

म्हणून पहिलं काम म्हणजे ओल येते कुठून ते शोधणं. दीड-दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवा, दोन दिवस हात लावू नका. मग बघा, थेंब प्लास्टिकच्या मागे असतील तर पाणी भिंतीतून येतंय, आणि खोलीकडच्या बाजूला असतील तर ते हवेतलं बाष्प आहे, गार भिंतीवर जमतंय. दोन्हीकडे असतील तर मग दोन्ही उपाय करा, काय करणार.

भिंतीतून येत असेल तर आधी घराबाहेर एक चक्कर मारा. गच्चीच्या पाइपाचं पाणी भिंतीच्या बुडाशीच पडतंय का, जमिनीचा उतार घराकडे आहे का? पाइप लांब न्या, माती भरून उतार उलटा करा, दहा फुटाला सहा इंच तरी हवा. बऱ्याचदा निम्मी ओल इथेच थांबते आणि लोक उगाच आत तोडफोड करत बसतात. बाहेरून खणून वॉटरप्रूफिंग करणं सगळ्यात भारी पण ते प्रत्येकाला जमत नाही.

आतून करायचं तर पोपडे आलेला जुना प्लास्टर, पेंट सगळं खरवडून विटा किंवा काँक्रीट उघडं पाडा आणि तारेच्या ब्रशने खार झाडून काढा. भेगेवर वरून लांबी (पुट्टी) भरून उपयोग नाही, छिन्नीने इंचभर खोल खाच पाडायची आणि पाणी झिरपत असेल तर झटपट आवळणारं सिमेंट दाबून भरायचं. भिंत न् फरशी मिळते तो कोपरा विसरू नका, पाणी तिथूनच जास्त घुसतं, तिथे सिमेंट-वाळूच्या मसाल्याची गोलाई द्या. मग भिंत ओली करून सिमेंटवालं वॉटरप्रूफ कोटिंग, पहिला हात आडवा तर दुसरा उभा. फरशीलाही तेच.

पाणी अक्षरशः साचतच असेल तर कोटिंगच्या भरवशावर राहू नका, कडेने नाली काढून खड्ड्यात पंप बसवावा लागेल.

नंतर वाळू द्या. हे कोणालाच नको असतं! जाड भिंत वाळायला इंचाला महिना धरा, घाई करून लाकडी पॅनल ठोकलं तर मागे बुरशी नक्की.

हवेतल्या बाष्पाचं वेगळं आहे. बाहेर दमट असताना खिडक्या उघडल्या तर ओल उलट वाढते, तेव्हा बंद ठेवा आणि डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन, लावा, आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे. साधा मीटर भिंतीला टांगून ठेवा.

कोणी झोपणार असेल तर आग लागली तर बाहेर पडता येईल अशी खिडकी किंवा दुसरं दार हवंच, आणि तळघरात राहायला परवानगी लागते का तेही आधीच विचारून घ्या. गॅस सिलिंडर खाली अजिबात नको, गळती झाली तर तो गॅस जड असल्याने तिथेच साचतो. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ठेवा, मागे हवा खेळती राहील आणि बुरशी धरली तर दिसेल तरी.