लियोंचे पहिले तीन दिवस : नागपूरहून निघणाऱ्या तरुण प्रवाशासाठी

नागपूरहून फ्रान्सला पहिल्यांदा निघणारी मुले-मुली बहुधा पॅरिसची लांबलचक यादी घेऊन निघतात आणि चार दिवस रांगांमध्ये घालवतात. पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान गाडीने दोन तासांच्या अंतरावर असलेल्या लियों शहरात आधी तीन दिवस मुक्काम करावा, असे मी आग्रहाने सांगतो. हे शहर पायी फिरण्याच्या आवाक्यातले आहे. दुसरे कारण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे : हे शहर विणकरांनी घडवले, आणि ज्याने नागपूरच्या पाचपावली किंवा तांडापेठेच्या गल्ल्यांतून जाताना हातमागाचा ठेका ऐकला आहे, त्याला इथल्या भिंतींचा आणि खिडक्यांचा अर्थ लवकर उमगतो.

तयारीचे थोडक्यात सांगतो. फ्रान्ससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. त्याची आणि पासपोर्टची छापील प्रत वेगळ्या पिशवीत ठेवावी, कारण फोनची बॅटरी नेमकी विमानतळावर संपते. आपल्याकडचा दोन बारीक गोल पिनांचा चार्जर तिथे चालतो, पण लॅपटॉपचा तीन पिनांचा प्लग बसत नाही, म्हणून अ‍ॅडॉप्टर इथूनच घ्यावा. तातडीच्या मदतीसाठी 112 हा क्रमांक पाठ असावा.

पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या आतच रेल्वे स्थानक आहे आणि तिथून लियोंला थेट गाड्या सुटतात. लियोंमध्ये पार-दियू आणि पेराश अशी दोन मोठी स्थानके आहेत, तेव्हा तिकिटावर कोणते नाव आहे ते नीट पाहूनच राहण्याची जागा ठरवावी. विमान थेट लियोंच्या सेंत-एक्झ्युपेरी विमानतळावर उतरणार असेल, तर रोनएक्स्प्रेस ही ट्रॅम सुमारे अर्ध्या तासात पार-दियूला पोहोचवते. शक्यतो रविवारी पोहोचू नये. मी रविवारी दुपारी पोहोचलो होतो. मुक्कामाच्या गल्लीतली सगळी दुकाने बंद होती आणि त्या रात्री घरून आणलेल्या चिवड्यावरच निभावले. छोटी दुकाने सोमवारीही बंद असू शकतात.

पहिला दिवस पाहण्यापेक्षा अंगवळणी पडण्यासाठी ठेवावा. उन्हाळ्यात आपले घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असते आणि हिवाळ्यात साडेचार, म्हणून दुपारी डोळे मिटू लागतात. पण तेव्हा झोपले की मध्यरात्री जाग येते आणि दुसरा दिवसही वाया जातो. त्याऐवजी बेलकूर चौकात जावे. आपल्याकडे जसा झिरो माइलचा दगड, तसा लियोंपासूनची अंतरे मोजण्याचा आरंभबिंदू म्हणजे हा विस्तीर्ण, लालसर मातीचा चौक. मधोमध चौदाव्या लुईचा अश्वारूढ पुतळा आहे आणि कडेला पर्यटन कार्यालय आहे. तिथे शहराचा नकाशा घ्यावा आणि एक ते चार दिवसांच्या लियों सिटी कार्डची चौकशी करावी, कारण त्यात मेट्रो, बस, ट्रॅम आणि संग्रहालये एकत्र येतात. सुटे तिकीट घेतले तर ते तासभर चालते आणि तेवढ्यात वाहन बदलता येते, मात्र प्रत्येक वेळी चढताना ते यंत्रावर नोंदवावे लागते. ही नोंद विसरली तर तपासनीस दंड करतो.

चौकाच्या एका बाजूला सोन नदी आहे आणि दुसऱ्या बाजूला रोन. सोन संथ वाहते, रोन आल्प्सकडून येते आणि तिची ओढ काठावरूनही जाणवते. दोन्ही काठांवरून संध्याकाळपर्यंत चालत राहावे. जूनमध्ये सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, म्हणून अंधाराची वाट पाहत जेवण लांबवू नये. दुपारचे जेवण साधारण बारा ते दोन आणि रात्रीचे सातनंतर मिळते, मधल्या वेळात बहुतेक स्वयंपाकघरे बंद असतात.

इथेच शाकाहारी वाचकांना सावध करणे मला गरजेचे वाटते. बूशों म्हणतात ती इथली पारंपरिक खाणावळ मांसाहारासाठी प्रसिद्ध आहे, आणि सालाद लियोनेझ हे नाव ऐकून पाने-काकडीची कोशिंबीर समोर येईल असे समजू नये, कारण तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडे असते. मागवण्यापूर्वी ‘जे सुई व्हेजेतारियाँ’ असे स्पष्ट सांगावे. मुलींनी शेवटी ‘व्हेजेतारियेन’ म्हणावे. बटाट्याचे ग्रातँ दोफिनुआ, ताज्या चीजमध्ये हिरवा मसाला कालवून केलेले सेर्व्हेल द कान्यू आणि गुलाबी प्रालीनची, म्हणजे साखरेत घोळलेल्या बदामांची, टार्ट हे पदार्थ विचारून घेता येतात. जे चीजही कटाक्षाने पाहतात त्यांनी ते कशाने विरजले आहे हेही विचारावे. ‘कराफ दो’ मागितले की नळाचे पिण्यायोग्य पाणी फुकट मिळते. आणि दुकानात पाऊल टाकताच, काही विचारण्याआधी, ‘बोंजूर’ म्हणावे. तिथे हा शब्द आपल्या नमस्कारासारखा आहे. तो न म्हणता थेट किंमत विचारली तर समोरच्याला ते उद्धटपणाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी सोन ओलांडून व्ह्यू लियों म्हणजे जुन्या शहरात जावे. तिथल्या मेट्रो स्थानकातूनच फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी गाडी, फूर्व्हिएर टेकडीवर नेते. वरच्या बासिलिकात, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, प्रवेश विनामूल्य आहे आणि मागच्या कठड्यावरून सगळे शहर दिसते. हवा स्वच्छ असेल तर मों ब्लाँ शिखरही दिसते. तिथून थोडे खाली रोमन काळातील रंगमंदिर आहे. इ. स. पूर्व 43 मध्ये रोमनांनी इथे लुग्दुनुम नावाचे नगर वसवले, त्याच्या या दगडी पायऱ्यांवर आजही उन्हाळ्यात कार्यक्रम होतात. उतरताना पायी यावे आणि त्राबूल शोधावेत. त्राबूल म्हणजे एका रस्त्यावरून घरांच्या पोटातून, अंगणे ओलांडत दुसऱ्या रस्त्यावर निघणारी वाट. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांची मागची दारे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कल्पना येईल. सें-जाँ रस्त्यावरील 54 क्रमांकाचे दार ढकलले की या भागातला सर्वांत लांब त्राबूल लागतो आणि तो बफ रस्त्यावरील 27 क्रमांकाच्या दारातून बाहेर काढतो. त्या अंगणांवर लोकांची राहती घरे आहेत, म्हणून सकाळच्या वेळी जावे, आवाज करू नये आणि खिडक्यांचे फोटो काढू नयेत.

तिसरा दिवस मात्र पूर्ण क्रुआ-रूस टेकडीला द्यावा. लियोंकर फूर्व्हिएरला प्रार्थना करणारी टेकडी म्हणतात आणि क्रुआ-रूसला काम करणारी. ओतेल द व्हील या स्थानकावरून मेट्रोची ‘सी’ मार्गिका वर चढते. हे नाव नगरभवनाचे आहे, राहण्याच्या हॉटेलचे नव्हे. मंगळवार ते रविवार सकाळी वरच्या रुंद रस्त्यावर बाजार भरतो. तो पाहून मेझों दे कान्यू या छोट्या संग्रहालयात जावे. कान्यू म्हणजे इथले रेशीम विणकर.

तिथे जॅकार्डचा (फ्रेंच उच्चार जाकार) माग चालवून दाखवतात, आणि त्याच्या अगदी जवळ उभे राहावे. मागाच्या माथ्यावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लोंबत असते. विणकराने पायटा दाबला की एक पुठ्ठा पुढे सरकतो. जिथे छिद्र असेल तिथली सुई आत शिरते, तिचा आकडा उचलला जातो आणि त्याला बांधलेले ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वर येतात, मग त्या फटीतून धोटा सर्रकन निघून जातो. एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक ओळ. जोझेफ-मारी जाकार यांनी 1804 च्या सुमारास ही रचना सिद्ध केली, त्यापूर्वी दोऱ्या ओढण्यासाठी मागाजवळ एक मदतनीस, पुष्कळदा लहान मूल, दिवसभर बसवावे लागे. हा माग इतका उंच झाला की घरांची छते सुमारे चार मीटर उंच बांधावी लागली. बाहेर आल्यावर त्या उभ्या, मोठ्या खिडक्यांकडे पाहिले की हे लक्षात येते. याच विणकरांनी मजुरीच्या किमान दरासाठी नोव्हेंबर 1831 मध्ये उठाव केला आणि काही दिवस शहर ताब्यात ठेवले. हे वाचून जावे, मग याच टेकडीवरच्या कूर दे व्होरास या इमारतीतील सहा मजली दगडी जिना नुसता फोटोपुरता राहत नाही.

जवळच कान्यूंची भिंत आहे : 1,200 चौरस मीटरचे भित्तिचित्र, ज्यात रंगवलेला जिना खरा वाटतो. संध्याकाळी ग्रो कायू या प्रचंड दगडापाशी बसावे. हिमनदीने वाहून आणलेला हा दगड 1861 मध्ये बोगदा खणताना सापडला होता.

आईसाठी रेशमी रुमाल घ्यायचा असेल, तर तो याच टेकडीवरच्या कार्यशाळेतून घ्यावा. पर्यटकांच्या दुकानांत कृत्रिम धाग्याचे रुमालही सर्रास मिळतात, म्हणून शिवलेल्या लेबलवर एस, ओ, आय, ई या चार अक्षरांचा रेशमासाठीचा फ्रेंच शब्द आणि त्यापुढे 100 टक्के लिहिले आहे का, ते उलटून पाहावे.