ब्रिटनमध्ये ऑनलाइन बिंगो: खातं अडकवणाऱ्या या चुका टाळा

दिवाळीत सोसायटीच्या हाऊजीत पेनाने आकडे खोडणाऱ्या माणसाला ब्रिटनमधल्या ऑनलाइन बिंगोत खेळ म्हणून नवीन काही शिकावं लागत नाही. नव्वद आकड्यांच्या खेळाचं तिकीट तेच असतं: तीन ओळी, नऊ रकाने, पंधरा आकडे. घोळ होतो तो खेळाच्या बाहेर, म्हणजे खातं उघडताना, पैसे भरताना आणि जिंकलेले पैसे काढताना. तरी "साइटने फसवलं" म्हणणाऱ्याला "नोंदणीच्या वेळी नाव काय लिहिलं होतं?" असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

हे सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या मराठी माणसांसाठी आहे. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेला कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालतो, मग तो खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. सुट्टीला पुण्याला गेल्यावर व्हीपीएन लावून इथलं खातं उघडू नका. साइटच्या अटींनुसार खातं गोठवायला तेवढं कारण पुरतं.

नाव घाईत लिहिणं

ब्रिटनमध्ये जुगारावर देखरेख ठेवणाऱ्या गॅम्बलिंग कमिशनने ७ मे २०१९ पासून नियम केला आहे की नाव, पत्ता आणि जन्मतारीख पडताळल्याशिवाय साइटने कुणालाही पैसे लावून खेळू द्यायचं नाही. फुकटचे डेमो खेळसुद्धा वयाची खात्री झाल्यावरच. ही पडताळणी आधी संगणक करतो. तुम्ही भरलेली माहिती क्रेडिट संस्थांच्या नोंदी आणि मतदार यादी यांच्याशी जुळवली जाते. जुळली तर दोन मिनिटांत काम झालं, नाही जुळली तर कागदपत्रं मागितली जातात.

इथे मराठी नावं मार खातात. पासपोर्टवर 'गिव्हन नेम्स' या रकान्यात स्वतःचं नाव आणि त्यापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव. बँकेत फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव. ड्रायव्हिंग लायसन्सवर लग्नानंतरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं. त्यात साइटवर घाईघाईत घरी हाक मारतात ते नाव टाकलेलं. चार ठिकाणी एकाच बाईची चार नावं असतील, तर संगणकाला त्या चार बायका दिसतात.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. पासपोर्ट समोर ठेवा आणि त्यावर आहे तसं नाव, त्याच स्पेलिंगने, मधल्या नावासकट लिहा. बँकेतलं नाव वेगळं असेल तर आधी बँकेत दुरुस्ती करा, मग खातं उघडा. चार दिवस थांबायची ज्यांची तयारी नसते, त्यांचे नंतर चार आठवडे ईमेल लिहिण्यात जातात.

पत्त्याचंही तेच. 'फ्लॅट ३, १२' आणि '१२/३' तुमच्या दृष्टीने एकच असेल, नोंदीत नसतो. रॉयल मेलच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून पत्ता जसा दिसतो, तसाच सगळीकडे लिहा.

नव्याने आलेल्यांची पडताळणी बऱ्याचदा फसते, कारण त्यांची इथे काही नोंदच नसते. पुष्कळांना हे माहीत नसतं की ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणारा भारतीय नागरिक राष्ट्रकुलातला असल्यामुळे इथल्या मतदार यादीत नाव नोंदवू शकतो. सरकारी संकेतस्थळावर काही मिनिटांत होतं आणि फुकट आहे. त्याने पुढे मोबाइलच्या करारापासून भाड्याच्या घरापर्यंत इतर पडताळण्याही सोप्या जातात. बिंगो खेळा न खेळा, हे कराच.

कागदपत्रं कशीही पाठवणं

बीआरपी कार्डाचा, म्हणजे व्हिसावर आलेल्यांना पूर्वी मिळायच्या निवास परवान्याच्या कार्डाचा, फोटो पाठवू नका. बहुतेक कार्डांवर ३१ डिसेंबर २०२४ ही शेवटची तारीख होती, त्यानंतर ई-व्हिसा आला. कागद तपासणाऱ्या यंत्राला मुदत संपलेलं कार्ड दिसतं आणि ते नाकारतं. पासपोर्ट द्या. फोटोत चारही कोपरे हवेत, फ्लॅशची चकाकी नको आणि पानाच्या तळाशी '<<<' अशी चिन्हं असलेल्या दोन ओळी पूर्ण वाचता यायला हव्यात. त्या ओळींवर बोट आलं की कागद परत आलाच.

भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर पत्ता असतो म्हणून तेच पान पत्त्याचा पुरावा म्हणून पाठवणारे आहेत. तो पत्ता साताऱ्याचा, खातं लूटनचं! पत्त्यासाठी काउन्सिल टॅक्सचं बिल, वीज-गॅसचं बिल किंवा बँकेचं स्टेटमेंट लागतं, साधारणपणे गेल्या तीन महिन्यांतलं. मोबाइलचं बिल बऱ्याच ठिकाणी चालत नाही. बँकेच्या ॲपचा स्क्रीनशॉट तर नाहीच. स्टेटमेंटची पीडीएफ उतरवून मूळ फाइल तशीच चढवा. शेअरिंगमध्ये राहणाऱ्यांच्या नावावर बिल नसतं, त्यांना बँकेचं स्टेटमेंट हाच सोपा मार्ग.

कार्डाचा फोटो मागितला तर मधले आकडे झाका. सहसा पहिले सहा आणि शेवटचे चार दिसले की पुरतं. मागचा तीन आकडी कोड कधीही दाखवू नका.

नवऱ्याचं खातं, बायकोचं कार्ड

ही चूक बघून आता खरंच वैताग येतो. लंडनजवळच्या एका गावात राहणाऱ्या एका बाईंचं प्रकरण घ्या. त्यांची पडताळणी अडकली, कारण पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि नोंदणीत सासरचं. त्यांनी मुदत संपलेलं बीआरपी पाठवलं, ते नाकारलं गेलं. तेच पुन्हा पाठवलं, पुन्हा नाकारलं. मग कुणीतरी शॉर्टकट सुचवला: "मिस्टरांच्या नावाने उघड की." नवरा मतदार यादीत होता, त्याचं खातं क्षणात उघडलं. बाईंनी त्यात स्वतःच्या डेबिट कार्डाने २० पौंड भरले आणि काही दिवसांनी फुल हाउसचे २८० पौंड लागले.

पैसे काढायला गेल्यावर साइटने विचारलं, खातं पुरुषाचं आणि कार्ड बाईचं कसं? शिवाय त्याच पत्त्यावर, त्याच फोनवरून आधीचं एक अर्धवट खातं दिसलं. दोन्ही खाती गोठली. शेवटी भरलेले २० पौंड परत आले, २८० आले नाहीत. अटींमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं: खातेदारानेच खेळायचं, स्वतःच्याच कार्डाने पैसे भरायचे, एका माणसाला एकच खातं.

अशा वेळी एक अर्धवट ऐकलेला नियम पुढे केला जातो: "पैसे काढताना कागद मागणं बेकायदा आहे." तसं नाही. जी माहिती साइटला आधीच मागता आली असती, ती पैसे काढताना अट म्हणून मागता येत नाही, इतकाच तो नियम आहे. मनी लाँडरिंगसारख्या दुसऱ्या कायद्यांनी घातलेल्या जबाबदाऱ्या त्यात अडवलेल्या नाहीत. दुसऱ्याचं कार्ड वापरलंत, तर तो प्रश्न तुम्हीच उभा केला.

तेव्हा घरात दोघं खेळत असतील तर दोन खाती, दोन ईमेल, दोन कार्डं. स्वागत बोनस मात्र घरटी एकच, असं बऱ्याच साइटच्या अटींत असतं. ते आधी वाचा. जॉइंट अकाउंट असलं तरी प्रत्येकाने स्वतःचं नाव छापलेलं कार्ड वापरावं. क्रेडिट कार्ड १४ एप्रिल २०२० पासून चालतच नाही, आणि ई-वॉलेटमध्ये क्रेडिट कार्डाने पैसे टाकून ते इकडे फिरवायची पळवाटही बंद आहे.

मर्यादा 'आड येऊ नये' म्हणून मोठी ठेवणं

पहिल्यांदा पैसे भरण्याआधी मर्यादा ठरवायला सुचवणं ३१ ऑक्टोबर २०२५ पासून साइटला बंधनकारक आहे. अधीर माणूस त्या चौकटीत पाचशे टाकून पुढे जातो. पेनीच्या तिकिटांचा खेळ आणि मर्यादा पाचशेची! आमची पद्धत उलटी आहे. महिन्याला बुडाले तरी चालतील तेवढे पौंड ठरवायचे, त्याला चाराने भागायचं आणि आलेला आकडा आठवड्याची मर्यादा म्हणून टाकायचा. महिन्याची मर्यादा एका रविवारी संपते आणि मग ती वाढवायचा मोह होतो.

मर्यादा कमी केली तर ती लगेच लागू होते. वाढवायची असेल तर २४ तास थांबावं लागतं, आणि त्यानंतर पुन्हा आत जाऊन होकार द्यावा लागतो. तो दिला नाही तर जुनीच मर्यादा राहते. "काल वाढवली होती, अजून झाली नाही" या तक्रारीचं कारण हेच. आमच्या मते त्या २४ तासांत बहुतेकांनी होकार न दिलेलाच बरा.

भरण्याची मर्यादा आणि तोट्याची मर्यादा वेगळ्या असतात. तुम्ही टाकलेला आकडा कशाचा आहे, ते चौकटीवरचं लेबल वाचून ठरवा. आणि ही मर्यादा एका साइटपुरती असते. तीन साइटवर पन्नास-पन्नास ठेवले की झाले दीडशे.

बिंगोच्या खोलीला लागून स्लॉट असतात आणि पैसे तिकडेच झपाट्याने जातात. एप्रिल २०२५ पासून एका फिरकीला कमाल ५ पौंड, आणि १८ ते २४ वयाच्यांना मे २०२५ पासून २ पौंड. हे एका फिरकीचं आहे, दिवसाचं नाही.

तीस दिवसांत भरलेल्यातून काढलेले वजा करून १५० पौंडांच्या वर गेलात, तर साइट तुमच्या आर्थिक अडचणीच्या सार्वजनिक नोंदी तपासते, म्हणजे दिवाळखोरी, कोर्टाचे थकबाकीचे निकाल वगैरे. फेब्रुवारी २०२५ पासून हा आकडा आहे, त्याआधी ५०० होता. याने क्रेडिट स्कोअर बिघडत नाही, त्यामुळे घाबरून दुसरीकडे खातं उघडायचं कारण नाही.

सगळ्या साइट एकदम बंद करायच्या असतील तर गॅमस्टॉप, म्हणजे ब्रिटिश परवान्याच्या सगळ्या साइटवर स्वतःलाच बंदी घालून घ्यायची नोंदणी. सहा महिने, एक वर्ष किंवा पाच वर्षं. मुदत संपेपर्यंत ते मागे घेता येत नाही, आणि संपल्यावर आपोआप उघडत नाही. तुम्हाला स्वतः संपर्क करून सांगावं लागतं. नाव नोंदवून झाल्यावर स्पेलिंग बदलून खातं उघडणाऱ्यांचे जिंकलेले पैसे बुडतात. 'गॅमस्टॉपवर नाही' अशी जाहिरात करणारी साइट म्हणजे ब्रिटिश परवाना नसलेली साइट, इतका सरळ अर्थ घ्या. खेळणं हाताबाहेर गेलं असेल तर ०८०८ ८०२० १३३ हा मदतीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

बाकीच्या, पटकन

परवाना न बघणं. साइटच्या तळाशी परवाना क्रमांक असतो, तो कमिशनच्या नोंदवहीत शोधा आणि तिथे त्या साइटचा पत्ता दिलेला आहे का ते बघा. कंपनीचं नाव वेगळं निघालं तर दचकू नका, एकाच परवान्याखाली अनेक ब्रँड चालतात.

जुनी बोनस-माहिती. १९ जानेवारी २०२६ पासून बोनसची रक्कम जास्तीत जास्त दहा वेळा फिरवायला लावता येते, म्हणजे २० पौंडांच्या बोनसवर २०० पौंडांचा खेळ. कुठे चाळीसपट दिसलं तर आधी परवाना तपासा.

हाऊजीचे नियम गृहीत धरणं. जलद पाच आणि चार कोपरे इथे सहसा नसतात. एक ओळ म्हणजे कुठलीही ओळ, मग कुठल्याही दोन, मग फुल हाउस. एकाच आकड्यावर दोघांचं झालं तर बक्षीस वाटलं जातं. ओरडावं लागत नाही, त्यामुळे चुकीची हाक, म्हणजे बोगीही होत नाही. नेट गेलं तरी तिकीट सर्व्हरवर चालू राहतं, निकाल खेळाच्या इतिहासात बघा.

पैसे काढायची विनंती रद्द करायचं बटण शोधत बसणं. ते आता नसतं, मुद्दाम काढलेलं आहे.

चॅटवर भांडणं. चॅटवरचं बोलणं साइट तक्रार म्हणून धरेलच असं नाही. ईमेलमध्ये 'कम्प्लेंट' हा शब्द विषयातच लिहा. साइटला उत्तरासाठी आठ आठवडे असतात. तोवर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर अटींमध्ये दिलेल्या लवाद संस्थेकडे जा, बऱ्याच ठिकाणी ती आयबास असते आणि खेळणाऱ्याला ती फुकट आहे. गॅम्बलिंग कमिशन तुमचे पैसे मिळवून देत नाही, तिथे अर्ज करून वाट बघू नका. लवादाला पाठवताना तारीखवार घटना, चॅटची प्रत, त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ आणि साइटचं शेवटचं उत्तर जोडा.